भीमेकाठची पाग आणि घोड्यांचे वैद्य

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीचा चौक लागला की रस्ते फुटतात. एक अकलूज-पंढरपूरकडे, एक कुर्डुवाडीकडे, एक करमाळ्यावरून नगरकडे. उसाच्या हंगामात इथे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रीघ लागते. दिवाळीच्या सुमाराला मात्र त्या गर्दीत वेगळे ट्रक दिसू लागतात. मागे कडब्याच्या पेंढ्या, आत दाटीने बांधलेली घोडी. पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश असा पल्ला मारून ही जनावरे अकलूजच्या घोडेबाजाराला निघालेली असतात. नुकरा, मारवाडी, काठियावाडी, सिंधी अशा नावांची चर्चा मग माढा-माळशिरस तालुक्यांतल्या चहाच्या टपऱ्यांवर पंधरवडाभर चालते.

बाजारात जाणकार गिऱ्हाईक आधी घोड्याचे तोंड उघडून दात पाहते आणि वय ताडते. मग पायाच्या नळीवरून तळहात फिरवते, कुठे ऊब किंवा सूज लागते का याचा अंदाज घेते. खूर उचलून तळवा दाबते. शेवटी घोडा चालवून, मग दुडका पळवून दाखवायला सांगते. पुण्याच्या रेसकोर्सवर सरावातल्या घोड्याला पहाटे तपासणारा पशुवैद्यही सुरुवातीला हेच करतो, याच क्रमाने. फरक त्यानंतरचा आहे. रेसच्या घोड्याच्या पायाला ऊब लागली तर पुढे एक्स-रे आहे, सोनोग्राफी आहे, प्रयोगशाळा आहे. गावच्या घोड्याच्या पायाला ऊब लागली तर पुढे बहुधा चुलीत लाल केलेली सळई आहे. एकाच हाताने सुरू होणाऱ्या या दोन वाटा इतक्या लांब कशा गेल्या, याचा बराचसा इतिहास भीमेच्या खोऱ्यात आणि तिथून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावरच घडलेला आहे.

भीमा आणि नीरा या दोन नद्यांमधला आणि त्यांच्या काठचा मुलूख म्हणजे भीमथडी. या पट्ट्यातल्या घोड्यालाही तेच नाव पडले. अंगाने फार उंच नाही, दिसायला अरबी घोड्यासारखा देखणा नाही, पण थोड्या चाऱ्यावर राहणारा, खडकाळ वाटेवर खूर न दुखावता चालणारा, दिवसभर मजल मारून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहणारा. मराठी फौजांच्या वेगाचे कौतुक खूप होते. तो वेग ज्या जनावराच्या पायांवर उभा होता, त्याची आठवण मात्र क्वचितच निघते. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेला इंग्रज अधिकारी थॉमस ब्रॉटन याने आपल्या पत्रांत छावणीतल्या घोड्यांच्या जाती नोंदवल्या आहेत. त्यांत भीमेकाठच्या घोड्याला त्याने मानाचे स्थान दिले आहे. उत्तर हिंदुस्थानात मुक्काम टाकलेल्या सरदारांनाही घोडा दख्खनचाच हवा असे.

अशा घोड्यांची निगा कोण राखत असे? शिवकालीन पागेची व्यवस्था सभासदाच्या बखरीत सापडते. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि तितक्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल या दोन गोष्टींसाठी सरकारी पगाराची माणसे नेमलेली आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. घोड्याचे निम्मे आजार पोटातून येतात आणि उरलेले निम्मे पायांतून. हे ज्याला अनुभवाने कळले होते, त्याच राज्यकर्त्याने अशी नेमणूक केली असणार.

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या आज्ञेसाठी ते नेहमी सांगितले जाते. तेच पत्र पागेच्या आरोग्याच्या अंगानेही वाचण्यासारखे आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली चंदी आणि वैरण आताच उधळली, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. गवताच्या गंजींजवळ आगट्या पेटवू नका, तमाखू ओढताना विस्तव सांभाळा, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जातात. औषधाचा एक शब्द त्या पत्रात नाही. तरीही घोड्यांच्या आरोग्यावर मराठीत लिहिलेल्या मजकुरात त्याच्या तोडीचे फार थोडे असेल, कारण आजार येण्याच्या आधीची काळजी त्यात आहे.

औषधाचे शास्त्रही या भागाला परके नव्हते. शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाणारी संस्कृत अश्ववैद्यकाची परंपरा जुनी आहे. नकुलाच्या नावावरचा ग्रंथ आहे, जयदत्ताचे अश्ववैद्यक आहे. सोलापूरच्या पूर्वेला असलेल्या कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात घोड्यांची परीक्षा, त्यांना वळण लावणे आणि घोड्यांवरून खेळायचा चेंडूफळीचा खेळ यांची सविस्तर माहिती येते. पुढे बहमनी काळात गुलबर्ग्याला शालिहोत्राचा फारसी अनुवाद झाला. म्हणजे अश्ववैद्यकाचे ज्ञान राजवटी बदलल्या तरी टिकले, भाषा बदलून पुढच्या पागेत गेले.

ग्रंथांतले ज्ञान आणि मोतद्दाराच्या हातातले ज्ञान यांत मात्र अंतर होते. मोतद्दार, चाबुकस्वार, नालबंद ही माणसे पोथी वाचणारी नव्हती. त्यांच्याजवळ आजारांची स्वतःची नावे होती. पोटशूळ म्हणजे कुरकुरी, पावसाळ्यात चिघळणाऱ्या जखमा म्हणजे बरसाती, मागच्या पायाच्या सांध्यावरची सूज म्हणजे मोतरा, तिथलेच हाड वाढले तर हाडा. ही निरीक्षणे पक्की होती. बरसाती पावसाळ्यातच का बळावते याचे उत्तर नंतर सापडले. माश्या एका कृमीच्या अळ्या जखमेवर आणून सोडतात आणि जखम भरूच शकत नाही. कारण ठाऊक नसतानाही जखम झाकून ठेवायची, माशी बसू द्यायची नाही, हा मोतद्दाराचा उपाय बरोबर होता.

सगळेच उपाय मात्र असे नव्हते. दमलेल्या घोड्याला तूप, गूळ, मसाले, प्रसंगी अफूही चारली जाई. दुखऱ्या पायाला डाग दिला जाई. घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांवरून त्याचे आणि धन्याचे नशीब ठरवले जाई. छातीवर देवमण नावाचा भोवरा असेल तर भाव चढायचा. कपाळावर पट्टा आणि चारी पाय पांढरे, असा पंचकल्याणी घोडा तर साक्षात शुभ. आजही अकलूजच्या बाजारात चांगल्या पायांच्या घोडीला केवळ भोवऱ्यापायी गिऱ्हाईक मिळत नाही, हे पाहून वाईट वाटते.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीजवळ पेशव्यांची फौज आणि जनरल स्मिथचे घोडदळ यांची गाठ पडली. बापू गोखले तिथे पडले. त्या दिवसानंतर भीमथडीच्या घोड्याला मोठे गिऱ्हाईक उरले नाही. हजारो शिलेदार घरी बसले आणि घोडा पाळणे हा पोटाचा धंदा न राहता हौस झाली. कंपनी सरकारनेही घोडदळ ठेवले. पेशव्यांशी झालेल्या तहातून १८१७ साली उभे राहिलेले पूना हॉर्स हे पथक आजही भारतीय सैन्यात आहे. पण सरकारला उंच घोडा हवा होता. अरबस्तानातून, नंतर ऑस्ट्रेलियातून घोडे मुंबई बंदरात उतरू लागले. देशी घोड्यांची उंची वाढवण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत अरबी आणि विलायती वळू ठेवले गेले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने सोलापूर, पुणे, नगर हा सगळा पट्टा होरपळला. जिथे माणसांना भाकरी मिळेना, तिथे घोड्याला हरभरा कुठून मिळणार? बाहेरचा संकर आणि आतली उपासमार अशा दोन बाजूंनी जुनी जात आकसत गेली.

घोड्याचे दुसरे आयुष्य याच काळात पुण्यात सुरू झाले. पुण्याच्या छावणीत १८३० साली लष्करी अधिकाऱ्यांनी रेसचे मैदान आखले. मुंबईत भायखळ्याच्या जुन्या मैदानावरच्या शर्यती १८८३ मध्ये महालक्ष्मीला गेल्या. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा शर्यतींचा फेरा बसला, तो आजवर चालू आहे. सरदारांच्या पागेतला घोडा मोहिमेसाठी जगवायचा होता. रेसचा घोडा दीड-दोन मिनिटांसाठी तयार करायचा होता. त्याच्या वैद्याकडून त्यामुळे वेगळ्याच अपेक्षा सुरू झाल्या.

युरोपातही पशुवैद्यकाची पहिली विद्यालये घोड्यापायीच उभी राहिली. फ्रान्समध्ये लियाँला १७६१ मध्ये पहिली शाळा काढणारा क्लोद बूर्झला हा मुळात घोडेस्वारी शिकवणारा. लंडनची कथा थेट रेसच्या मैदानातून येते. एक्लिप्स नावाचा अजिंक्य घोडा १७८९ मध्ये मेला. इतका वेगवान घोडा आतून कसा आहे हे पाहण्यासाठी सेंबेल नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने त्याचे शवविच्छेदन केले, मापे घेतली. त्यातून त्याचे नाव झाले आणि १७९१ मध्ये लंडनला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हा पहिला प्राध्यापक तोच झाला. दोनच वर्षांत तो वारला. त्याला घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगाची लागण झाली होती, असे मानले जाते.

हिंदुस्थानात या शिक्षणाची सुरुवात लष्कराने केली. १८६२ मध्ये पुण्याला लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. मुंबईत वाट वेगळी होती. तिथे १८७४ पासून रस्त्यावर घोड्यांची ट्राम धावत होती, व्हिक्टोरिया होत्या, मालाच्या बैलगाड्या होत्या, आणि उन्हात कोसळणारी जनावरे रोज लोकांच्या डोळ्यांसमोर होती. जनावरांचे हाल थांबवण्यासाठी संस्था स्थापन झाली, सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पैसा दिला आणि परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई रुग्णालय उभे राहिले. गिरणगावाने त्याला आपले नाव दिले, बैलघोडा हॉस्पिटल. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुढे गावोगावच्या दवाखान्यांत गेलेल्या पशुवैद्यांच्या कितीतरी पिढ्या या बैलघोड्यात शिकल्या.

त्या महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य जॉन हेन्री स्टील. घोडे ज्याने पटापट मरत त्या सर्रा या रोगाशी त्याचे नाव जोडलेले आहे. सर्रा झालेल्या घोड्याला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. पोटाखाली आणि पायांवर सूज चढते, खाणे चालू असूनही अंग झडते, आणि एक दिवस घोडा उभ्याउभ्या कोसळतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला वायव्य सरहद्दीवर डेरा इस्माईल खान इथे अशा घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. हेच रोगाचे कारण असे त्याने सांगितले, पण वरिष्ठांना पटले नाही. पाच वर्षांनी स्टीलने ब्रह्मदेशात खेचरांच्या साथीत तेच जीव पाहिले आणि त्यांना इव्हान्सचे नाव दिले. १८९१ मध्ये स्टीलचे निधन झाले.

हा धागा मग पुण्याने उचलला. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात सुरू झाली. प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. इथे त्यांनी घोड्यांच्या सर्ऱ्याचा अभ्यास मांडला, १८९३ मध्ये त्याचा अहवाल छापला आणि सोमलाची औषधे देऊन पाहिली. वस्तीच्या इतक्या जवळ असे जंतू हाताळणे धोक्याचे, म्हणून त्याच वर्षी प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. सर्रा चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो. तो अजून गेलेला नाही, आणि औषध असूनही गावाकडे कितीतरी वेळा नुसता 'ताप' म्हणून अंगावर काढला जातो.

आता सरावातल्या घोड्याकडे येऊ. घोड्याच्या शरीरात काही अडचणी जन्मजात आहेत आणि रेसच्या पशुवैद्याचा दिवस त्यांच्याभोवतीच फिरतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात वायू किंवा दाणा अडकला की तो बाहेर पडायला वाट नाही. जुन्या पागेतली कुरकुरी आजच्या तबेल्यातही मृत्यूचे मोठे कारण आहे. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. सगळा वारा नाकातून, आणि भरधाव पळताना छातीतल्या दाबाने फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्या फुटतात. कधी नाकातून रक्त दिसते, पुष्कळदा दिसतही नाही. ते पाहायला दुर्बिणीची नळी घालावी लागते. मैदानात नाकातून रक्त आलेल्या घोड्याला नियमाने काही काळ शर्यतीबाहेर ठेवतात. शांत उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते, शर्यतीत तेच दोनशेच्या वर जाते.

आणि पाय. गुडघ्याखाली घोड्याच्या पायात स्नायू जवळजवळ नाहीत. हाड, नसा आणि मागच्या बाजूने उतरणाऱ्या जाड दोऱ्या. चार-पाचशे किलोचे अंग वेगात एका पायावर येते, तेव्हा त्या दोऱ्या ताणल्या जातात. तिथे रक्तपुरवठा तोकडा, म्हणून तंतू तुटले तर भरायला महिने लागतात आणि भरले तरी आधीची लवचीकता येत नाही. दोन वर्षांचे शिंगरू सरावाला येते तेव्हा त्याची हाडे अजून घडत असतात. वेग वाढवण्याची घाई झाली तर नळीच्या हाडाच्या पुढच्या बाजूला सूज धरते. म्हणूनच पहाटेच्या कामाआधी प्रत्येक पायावरून हात फिरतो, ताप मोजला जातो, रात्रीची चंदी पूर्ण खाल्ली का आणि लीद कशी पडली हे विचारले जाते. चांगला सईस हे न विचारता सांगतो. सकाळी तोबऱ्यात उरलेला मूठभर दाणा ही पुष्कळदा आजाराची पहिली खूण असते, आणि ती टिपणारा सईसच असतो. रेसच्या दुनियेत मालक, ट्रेनर, जॉकी यांची नावे छापून येतात, सईसाचे येत नाही. ही गोष्ट बदलायला हवी.

डागण्याचा प्रश्नही इथेच येतो. दुखऱ्या दोऱ्यांवर तापलेले लोखंड टेकवायचे, म्हणजे तिथे रक्त धावून जखम भरेल, ही समजूत फक्त आपल्या खेड्यांची नव्हती. विलायती पशुवैद्यही शतकानुशतके हेच करत, आणि त्यांच्या महाविद्यालयांत ते शिकवले जाई. १९८३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी डाग दिलेल्या आणि न दिलेल्या घोड्यांची तुलना प्रसिद्ध केली. डागण्याने दोरी लवकर बरी होत नाही, वरची कातडी मात्र कमजोर होते. घोडा बरा झाल्यासारखा वाटतो, कारण डाग दिल्यावर त्याला सक्तीची विश्रांती मिळते. गुण त्या विश्रांतीचा. माढा, करमाळा, इंदापूर या तालुक्यांत आजही घोड्याबैलांच्या पायांवर डागाच्या समांतर रेषा दिसतात. त्या पाळणाऱ्यांना क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दूध देणाऱ्या गाईसाठी दारात येणारी पशुवैद्यकीय सेवा घोड्यासाठी त्यांना कधी मिळाली होती का, हेही विचारले पाहिजे. संकरित गाय आली, दूध संघ आले, आणि गावच्या दवाखान्याचा सगळा जीव त्यांत गेला. घोड्याच्या पोटशुळावर नळी घालायचा सराव ज्याला आहे असा डॉक्टर शोधायला मालकाला पुणे किंवा शिरवळच्या महाविद्यालयाची वाट धरावी लागते. कुरकुरी तितका वेळ देत नाही.

श्रीमंत तबेला आणि गरीब गोठा यांना जंतू एकाच मापाने मोजतात. सेंबेलचा ज्याने बळी घेतला असे मानतात, तो ग्लँडर्स हिंदुस्थानात इतका धास्तीचा होता की १८९९ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला. लागण ठरली की घोडा मारायचा, औषध करायचे नाही. हा रोग माणसालाही होतो. पुढे तो देशातून जवळजवळ दिसेनासा झाला होता, आणि २००६ मध्ये पुन्हा उसळला तो महाराष्ट्रातच, पुणे आणि पाचगणीच्या बाजूला. पाचगणीत पर्यटकांना फिरवणारी तट्टे आणि पुण्याचे घोडे यांच्यातली दरी त्या वेळी काहीच कामाला आली नाही. २००८-०९ मध्ये घोड्यांच्या फ्लूची साथ जम्मूच्या कटरा भागातून सुरू होऊन देशभर पसरली आणि रेसच्या तबेल्यांपर्यंत पोचली. लस टोचलेला, नोंदीचा, रोज तापमान मोजला जाणारा घोडा वाचवायचा असेल तर रस्त्यावरच्या तट्टाचीही लस आणि तपासणी व्हावी लागते, हे त्या साथीने दाखवले.

रेसच्या घोड्यांचे एक ऋण टेंभुर्णीच्या उसाच्या फडातही पोचते. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ चा. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे तिथून मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचायच्या, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झाली की रक्त काढून रक्तजल वेगळे करायचे, ही धनुर्वाताच्या आणि सर्पदंशाच्या औषधाची पद्धत. आपलेच घोडे देऊन दुसऱ्याकडे औषध बनवण्यापेक्षा ते इथेच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. लसींच्या जगात पुढे मोठे झालेले हे नाव घोड्याच्या तबेल्यातून निघाले आहे. हाफकिनचे घोडे पिंपरीला असत आणि सर्पदंशाचे औषध तिथल्या रक्तजलातून बनत आले. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला घोणस किंवा मण्यार चावते, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या शिरेत जे औषध सोडतात ते घोड्याच्या रक्तातून आलेले असते. त्या घोड्यांचे रक्त किती दिवसांनी आणि किती काढायचे, त्यांना विसावा किती द्यायचा, यावर नजर ठेवणे हेही पशुवैद्याचेच काम. त्याच्याविषयी आपण फार कमी बोलतो.

आणि भीमथडी घोडा? टेंभुर्णीजवळ भीमेवर उजनी धरण बांधून १९८० मध्ये पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणाऱ्या त्या जलाशयाने माळावर ऊस आणला, कारखाने आणले, आणि नदीकाठची जुनी गावे व जमिनी पोटात घेतल्या. गायराने आटली. जे लोक गायरानांवर आणि वाटेवरच्या चाऱ्यावरच जगत आले, त्या धनगरांच्या कळपांबरोबर भीमथडी तग धरून राहिला. पावसाळा संपला की मेंढरे कोकणाकडे किंवा दुसऱ्या मुलखात निघतात, आणि संसार, कोंबड्या, करडे, प्रसंगी लहान मूल अशा ओझ्यासह हाच घोडा पुढे चालतो. ज्यांच्यासाठी कोणी पाग बांधली नाही त्या माणसांनी मराठी घोडदळाचा घोडा दोनशे वर्षे जगवला. त्यांच्यापैकी फार थोड्यांना याबद्दल कोणी धन्यवाद दिले असतील.

अलीकडे बारामती परिसरातल्या अश्वप्रेमींच्या खटपटीने आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या अभ्यासामुळे कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झांस्कारी, मणिपुरी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही आठवी. रेसच्या घोड्यांची वंशावळ पुण्यातल्या स्टड बुक कार्यालयात पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जाते. आई कोण, बाप कोण हे रक्ताच्या चाचणीने ताडून पाहतात. भीमथडीच्या बाबतीत हे काम आता कुठे सुरू होते आहे, आणि ते धनगराच्या तळावर जाऊन करायचे आहे.

तिथे पशुवैद्याची खरी परीक्षा आहे. ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना घ्यायला पथक येते तेव्हा घोडीवाला मागे सरतो, कारण नमुना दोषी निघाला तर घोडी मारली जाईल आणि मिळणारी सरकारी भरपाई नवी घोडी घ्यायला पुरणार नाही, हे त्याला माहीत असते. १८९९ च्या कायद्याच्या वेळीही टांगेवाल्याची हीच भीती असणार. भरपाई बाजारभावाच्या जवळ नेली आणि त्याच फेरीत धनुर्वाताची लस, जंताचे औषध, खुरांची छाटणी एवढे फुकट दिले, तर नमुना द्यायला माणसे स्वतः पुढे येतील. आषाढीच्या वाटेवर पशुसंवर्धन खात्याची पथके पालखीच्या बैलांसाठी आणि रिंगणाच्या घोड्यांसाठी उभी असतात. अकलूजच्या रिंगणात धावणाऱ्या अश्वाचा पाय मुरगळला तर डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. दिवाळीच्या बाजारातही तसाच मांडव घालता येईल. टेंभुर्णीच्या आसपासच्या कारखान्यांवर गाळप सुरू झाले की ऊस वाहणाऱ्या बैलांना पत्र्या ठोकणारे नालबंद दाखल होतात. खुराची पारख त्यांच्या हाताला आहेच. शिरवळच्या महाविद्यालयाने त्यांना चार दिवस बोलावून घोड्याच्या खुराचे काम शिकवले, तर गावात घोड्यासाठी एक जाणता माणूस तरी मिळेल. पागेत पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद असे. माढा तालुक्यात आज सगळ्या घोड्यांमागे मिळून तेवढा जरी झाला, तरी सुरुवात होईल.